वडील मंडळींसह बँकॉक : नंदुरबारकरांच्या सोयीसाठीं

नंदुरबार, शहादें, तळोदें या भागांतून पूर्वी सहकुटुंब प्रवास म्हणजे काशी-रामेश्वर, फार तर हरिद्वार, असा ठरलेला असे. प्रकाशें येथें तापीचें स्नान घडलें कीं दक्षिणकाशीचें पुण्य पदरांत पडलें, असें मानणाऱ्या आमच्या वडील पिढीस समुद्रापलीकडील शहराची ओढ नव्हती. आतां काळ पालटला आहे. मुलें-सुना नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस व परदेशीं राहतात. वर्षांतून एकदां सर्वांनीं मिळून कोठें तरी जावें असें ठरतें, आणि खर्चाच्या व अंतराच्या मानानें बँकॉकचें नांव पुढें येतें. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही सात माणसें त्या शहरीं सहा दिवस राहून आलों. त्यांत दोघे सत्तरीपुढील होते व एक सात वर्षांची मुलगी होती. तेथील देखाव्यांचीं वर्णनें पुष्कळ मिळतात. परंतु चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या आणि वडिलांस हॉटेलांत बसवून आपण हिंडावयास न जाणाऱ्या घरास ज्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, त्या एकत्र सांगितलेल्या आम्हांस आढळल्या नाहींत. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न घरांतच उभा राहतो. वडिलांस बरोबर न्यावें काय? तरुण मंडळी म्हणतात, त्यांना दगदग सोसणार नाहीं. वडील म्हणतात, तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतों. दोघांच्याहि बोलण्यांत प्रेम असतें आणि थोडी भीडहि असते. आमचें मत असें कीं, प्रवासाचा बेत घरांतील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलांनीं आंखतां येत असेल तर त्यांस अवश्य न्यावें. तशी तयारी नसेल तर सर्वांनींच जाणें पुढें ढकलावें. वडिलांच्या पायांत आणखी किती वर्षें बळ राहील हें कोणासच ठाऊक नसतें, आणि परत आल्यावर छायाचित्रें दाखवून त्यांचें समाधान करण्यापेक्षां दिवसाला एकच ठिकाण त्यांच्याबरोबर पाहिलेलें पुष्कळ बरें. पुढील सर्व सूचना या एका धोरणानें केल्या आहेत.

ऋतूचा विचार आधीं करावा. आमच्याकडील उन्हाळा कडक खरा, परंतु कोरडा. सावलींत बसलें कीं जीव शांत होतो. बँकॉक समुद्राजवळ सखल भूमीवर वसलेलें असल्यामुळें तेथील उकाडा दमट असून सावलींतहि अंगावरील घाम वाळत नाहीं. एप्रिल महिना सर्वांत कठीण. त्याच महिन्याच्या १३ ते १५ या तारखांस सोंगक्रान नांवाचा नववर्षाचा सण असतो. हा शब्द आपल्या संक्रांतीचाच असून सूर्याच्या मेषप्रवेशाशीं त्याचें नातें आहे. रस्त्यांत अनोळखी माणसांवरहि पाणी उडविण्याची त्या दिवसांत चाल असल्यामुळें तरुणांस मौज वाटेल; वृद्धांस घेऊन मात्र त्या वेळीं जाऊं नये. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाचे दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने कुटुंबास सोयीचे होत.

जाण्याच्या वाटा दोन. नंदुरबार स्टेशन सुरत-भुसावळ लोहमार्गावर असल्यामुळें सुरत येथून सुमारें १६० किलोमीटर, म्हणजे आगगाडीनें तीन-चार तासांवर आहे. आणि सुरतेहून बँकॉकला थेट विमान डिसेंबर २०२४ मध्यें सुरू झालें. दुसरी वाट मुंबईची. तेथून विमानें पुष्कळ, पण मुंबई गांठण्यांतच आमची एक रात्र जाते. विमानांचीं वेळापत्रकें बदलत असतात. तीं तिकीट काढण्यापूर्वी पाहावींत. वाट कोणतीहि धरली तरी आदल्या दिवशींच त्या शहरीं मुक्कामास पोंचावें. रात्रभर गाडींत जागलेलें वृद्ध शरीर तसेंच विमानांत बसविलें तर पहिले दोन दिवस फुकट जातात. विमानतळांवर चालावेंहि फार लागतें. म्हणून चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतांनाच नोंदवावी, आणि वडिलांनीं तींत कमीपणा मानूं नये.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत सांगतों. पोंचण्याच्या दिवसापासून पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय प्रवाशांस तेथें व्हिसावांचून प्रवेश मिळूं लागला. मुदतीचे नियम त्यानंतर बदलले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी थाई वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहावा. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशासाठीं संगणकावर आगमनपत्र भरण्याची पद्धत सुरू झाली. तें पोंचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरावयाचें असतें. सरकारी संकेतस्थळावर तें विनामूल्य भरतां येतें. त्यासाठीं पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावें. रक्तदाबाचीं व मधुमेहाचीं औषधें मूळ वेष्टणांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतील पिशवींत ठेवावींत. झोपेच्या व तीव्र वेदना शमविणाऱ्या गोळ्यांपैकीं कांहींवर तेथें कायद्याचें नियंत्रण असून त्यांस आगाऊ परवानगी लागते. प्रवासाचा विमा काढतांना जुने आजार लपवूं नयेत. परदेशांतील इस्पितळाचें देणें आठ दिवसांत घराची कित्येक वर्षांची शिल्लक खाऊन टाकूं शकतें, आणि लपविलेल्या आजारावर विमा उपयोगीं पडत नाहीं.

आतां शहराकडे वळूं. हा देश १९३९ पर्यंत सयाम या नांवानें ओळखला जात असे. ज्या शहरास जग बँकॉक म्हणतें त्यास तेथील लोक क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी, असें म्हणतात. जुनी राजधानी अयुत्थया, म्हणजे आपली अयोध्या. ती १७६७ मध्यें ब्रह्मी सैन्यानें उद्ध्वस्त केली. पुढें १७८२ मध्यें चक्री घराण्याच्या पहिल्या राम राजानें चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर नवी राजधानी वसविली. तिचें संपूर्ण नांव भलतेंच लांब असून त्यांत अमर, रत्न, इंद्र, महानगर, विश्वकर्मा असे संस्कृत-पालींतून आलेले शब्द ओळीनें येतात. मोठ्या विमानतळाचें नांव सुवर्णभूमि. परतीच्या वेळीं तपासणी आटोपून आंत गेलें कीं तेथें समुद्रमंथनाचा भव्य देखावा लागतो. वासुकीस ओढणारे देव व दानव पाहून लहान मुलें व आजोबा दोघेहि सारखेच रमतात. भेटींतील नमस्काराचा शब्द सवत्दी, तो स्वस्ति या शब्दावरून १९३० नंतरच्या दशकांत एका थाई पंडितानें घडविला आणि १९४३ मध्यें सरकारनें तो रूढ केला.

या साम्यानें मन हरखतें, आणि नेमकें येथेंच सावध राहावें लागतें. शब्द ओळखीचा असला म्हणजे आचारहि ओळखीचा असेल असें नसतें. अन्नास तेथें आहान म्हणतात. तो आपला आहारच. परंतु भाज्यांच्या आहारांतहि नाम प्ला म्हणजे माशांचा अर्क, कपि म्हणजे कोळंबीचा कुटून केलेला लगदा, अथवा कालवांचा रस घालण्याची सर्वत्र रीत आहे. “मांस नको” एवढें सांगितल्यानें आचारी मांसाचे तुकडे तेवढे वगळतो. अर्काचा विचार त्याच्या मनांतहि येत नाहीं, आणि त्यांत त्याची लबाडीहि नसते.

यावर उत्तम उपाय त्याच शहरांत आहे, आणि आमच्या घरांसाठीं तो जणूं मुद्दाम योजलेला वाटतो. चिनी बौद्ध परंपरेंतून तेथें ‘जे’ नांवाचा आहार रुजला आहे. त्यांत मांस, मासे, अंडीं हीं तर नाहींतच, शिवाय कांदा, लसूण व त्या जातीच्या उग्र वस्तूहि वर्ज्य असतात. वर्षांतून एकदां, बहुधा आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवस या आहाराचा उत्सव असतो आणि गल्लोगल्लीं पिवळे झेंडे लागतात. एरवींहि अशा दुकानांवर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरें दिसतात. तीं अक्षरें इंग्रजी अंकांत लिहिलेल्या सतरासारखीं दिसतात, म्हणून आमच्या चिमुरडीनें त्यांस ‘सतराची खूण’ असें नांव दिलें आणि पुढें तीच आमची वाटाडी झाली. आमच्या आत्याबाई घराबाहेर पाण्यावांचून कांहीं घेणार नाहीं असें ठरवून आल्या होत्या. तिसऱ्या दिवशीं अशा दुकानांतील भात व मुगाच्या मोडांची भाजी त्यांनीं स्वतः मागून घेतली. दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. जे आहारांत दूधदुभतेंहि चालत नाहीं, त्यामुळें दहीं-ताक निराळें शोधावें लागतें. आणि सोयाबीनचे व गव्हाच्या सत्त्वाचे पदार्थ हुबेहूब मांसासारखे करण्याची तेथें हौस आहे, तेव्हां ताट पुढें येण्यापूर्वीच वडिलांस तशी कल्पना द्यावी. नुसता शाकाहार हवा असेल तर ‘मंग्सविरत’ हा शब्द चालतो. मांस आणि विरति हीं त्याचीं दोन अंगें ओळखूं येतात. पण त्यांत कांदा-लसूण असतो. हे शब्द थाई लिपींत एका चिठ्ठीवर लिहून घेऊन प्रत्येकाच्या खिशांत ठेवावे.

तिखटाविषयीं आम्हां नंदुरबारकरांस थोडा अभिमान असतो. पथारींवर लालभडक मिरची वाळत पडलेली पाहत जे वाढले, त्यांना कोण काय शिकविणार? तरीहि तेथील बोटाच्या पेराएवढी मिरची भल्याभल्यांचा अभिमान उतरविते. ‘माय फेत’, म्हणजे तिखट नको, हे दोन शब्द मुलांसाठीं पाठ करावे. नळाचें पाणी पिऊं नये. बाटलीबंद पाणी सर्वत्र मिळतें.

राहण्यासाठीं लहान स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. सात माणसांस दोन खोल्या व एक शेगडी असली कीं सकाळचा चहा, पोहे आणि रात्रीचा वरणभात घरचाच होतो. तूरडाळ, पीठ व मसाले फाहुरात या भागांतील भारतीय बाजारांत मिळतात. त्याच भागांत सोनेरी घुमटाचा शिखांचा गुरुद्वारा आहे. तेथील लंगरांत शाकाहारी जेवण कोणासहि प्रेमानें वाढतात. घरून दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी व लाडू न्यावेत. ताजीं फळें व रोपें मात्र नेऊं नयेत, तीं सीमेवर अडवितात. तेथील खाद्यपदार्थांवर मुदतीचें वर्ष कधीं बुद्धसंवतांत छापलेलें असतें. तो आपल्या इसवी सनापेक्षां ५४३ वर्षांनीं पुढें आहे. २५६९ म्हणजे २०२६ हा हिशेब जाणून असावें. घड्याळहि दीड तास पुढें करावें लागतें, म्हणून औषधांच्या वेळा पहिल्याच दिवशीं कागदावर मांडून घ्याव्या. आणखी एक सोय सांगण्याजोगी आहे. तेथील शौचगृहांत पाण्याची नळी बहुधा असते, त्यामुळें त्या बाबतींत आपल्या माणसांची अडचण होत नाहीं.

जागा निवडतांना उंचावरून धांवणाऱ्या आगगाडीचें स्टेशन जवळ पाहावें. ही गाडी १९९९ मध्यें व भुयारी गाडी २००४ मध्यें सुरू झाली. रस्त्यांवर वाहनांची गर्दी इतकी असते कीं चार मैलांस कधीं तासभर लागतो. या गाड्या मात्र वेळेवर पोंचवितात. सर्वच जिन्यांना पाळणा नसतो, म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं स्टेशनावरील पाळण्याची बाजू आधीं विचारून ठेवावी. टॅक्सींत बसण्यापूर्वी मीटर लावावयास सांगावें. नाकारल्यास वाद न घालतां दुसरी पाहावी. नदींतील बोटीचा प्रवास सर्वांत सुखाचा, परंतु बोट धक्क्यास क्षणभरच टेंकते. वृद्धांचा हात धरून एकानें पुढें व एकानें मागें राहावें.

पाहण्याच्या ठिकाणांपैकीं राजवाडा व त्याच्या आवारांतील फ्रा केओ मंदिर यांस एक संपूर्ण सकाळ द्यावी. तेथील हिरव्या पाषाणाच्या बुद्धमूर्तीचा पोशाख उन्हाळा, पावसाळा व हिंवाळा अशा तीन ऋतूंच्या आरंभीं राजा स्वतः बदलतो. आपल्याकडील देवाच्या ऋतुमानाप्रमाणें होणाऱ्या पोशाखांची ज्यांना संवय आहे, त्यांस यांत परकें कांहींच वाटणार नाहीं. भोंवतालच्या पडव्यांच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे सयामी रामायण, १७८ चित्रांत रंगविलें आहे. रावणास तेथें दशकंठ या अर्थाचें नांव आहे. आपल्या आजीबाईंस एक गोष्ट आधींच सांगून ठेवावी कीं, या कथेंतील हनुमान ब्रह्मचारी नाहीं. त्याचे प्रेमप्रसंग तेथें सरळ रंगविले आहेत. आमच्याकडे यावरून पडवींतच बराच वेळ चर्चा झाली. आत्याबाई म्हणाल्या, “त्यांचा तो त्यांचा, आपला तो आपला,” आणि पुढील चित्राकडे वळल्या. या आवारांत खांदे व गुडघे झांकणारे कपडे लागतात. साडी-धोतरास कोणीच हरकत घेत नाहीं.

याच राजवाड्याबाहेर फसवणुकीचा एक जुना प्रकार चालतो. नीटनेटका पोशाख केलेला कोणी गृहस्थ अदबीनें सांगतो कीं, आज समारंभामुळें राजवाडा बंद आहे. तोंवर स्वस्तांत दुसरीं देवळें दाखवितों. नंतर रिक्षा एखाद्या रत्नांच्या दुकानापाशीं थांबते, आणि लेकीच्या लग्नासाठीं म्हणून भारी किंमतीस हलके खडे गळ्यांत पडतात. वडील माणसें शिष्टाचारानें बोलणाऱ्यावर लौकर विश्वास ठेवतात. त्यांच्या या गुणाचाच येथें घात होतो. यावर नियम एकच : आपण होऊन जवळ येणाऱ्यास हात जोडावे व चालूं लागावें. राजवाडा उघडा आहे कीं नाहीं हें प्रवेशद्वाराशींच समजून घ्यावें. परदेशीं जडजवाहीर घ्यावयाचें नाहीं असें घरूनच ठरवून निघावें.

दुसऱ्या दिवशीं फो मंदिरांतील ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध पाहावा. पलीकडील तीरावर अरुण मंदिर आहे. त्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. वडिलांनीं खालूनच दर्शन घ्यावें.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल असें एक ठिकाण सहसा प्रवासी पाहत नाहींत. सुथात मंदिरासमोर उंच लाल खांबांचा एक प्रचंड झोपाळा उभा आहे आणि जवळच १७८४ मध्यें बांधलेलें देवस्थान आहे. तेथें शंकर, गणपति व नारायण यांचीं तीन देवळें असून राजदरबारचे ब्राह्मण तेथें पूजाअर्चा करतात. त्यांची परंपरा दक्षिण हिंदुस्थानांतून गेलेली आहे. झोपाळ्यावरील धोक्याचा विधि १९३५ पासून बंद झाला, परंतु मे महिन्यांत राजाच्या नांगरणीचा समारंभ हे ब्राह्मणच चालवितात. नांगराच्या बैलांपुढें भात, मका, कडधान्य, तीळ, पाणी, गवत व मद्य असे सात पदार्थ मांडतात आणि बैल ज्यास तोंड लावील त्यावरून वर्षाचें भाकित सांगतात. पोळ्याच्या दिवशीं बैलांची पूजा पाहिलेल्या आमच्या आजोबांनीं त्या आवारांतील सावलींत तासभर बसून याची चौकशी केली. सबंध प्रवासांत त्यांनीं दुसऱ्या कशाचीहि इतकी आठवण ठेविली नाहीं.

वागण्याचे कांहीं नियम मुलांस आधींच शिकवावे. पाय कोणाकडे, विशेषतः मूर्तीकडे, करून बसूं नये. मुलांच्या डोक्यावर सहज हात ठेवण्याची आपली चाल तेथें कोणावर करूं नये. स्त्रियांनीं भिक्षूंस स्पर्श होऊं देऊं नये. राजघराण्याविषयीं थट्टेनें बोलणें तेथें कायद्यानें गंभीर गुन्हा आहे. सकाळीं आठ व सायंकाळीं सहा वाजतां सार्वजनिक ठिकाणीं राष्ट्रगीत लागतें. तेव्हां उभें राहावें. भेटीदाखल बुद्धमूर्ति आणण्याचा मोह झाला तर सरकारी परवानगीवांचून ती देशाबाहेर नेतां येत नाहीं हें ध्यानांत असावें.

शेवटीं हिशेबाची गोष्ट. सहा दिवसांपैकीं एक दिवस पूर्ण रिकामा ठेवावा. त्या दिवशीं ज्यांना हिंडावयाचें त्यांनीं हिंडावें, ज्यांना पडावयाचें त्यांनीं पडावें. परंतु वडिलांजवळ एक जण पाळीपाळीनें राहावा. खर्चाचा दहावा भाग अडचणीसाठीं निराळा बांधावा व त्यास हात लावूं नये. आणि निघण्यापूर्वी एके संध्याकाळीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं एकत्र बसून वडिलांस विचारावें कीं, तुम्हांस तेथें काय पाहावयाचें आहे. पहिलें उत्तर बहुधा “तुम्ही दाखवाल तें” असें येईल. तेवढ्यावर थांबूं नये; पुन्हां विचारावें. दुसरें उत्तर येईल तें यादींत सर्वांत वर लिहावें आणि तें ठिकाण पहिल्याच दिवशीं, अंगांत शीण भरण्यापूर्वी, पाहून घ्यावें.